वायफाय जोडलंय, पण पानच येत नाही

वाचनालय असो, संग्रहालय असो की भक्तनिवास, पाहुण्यांसाठी वायफाय ठेवलं की काउंटरवरच्या माणसाला हे वाक्य रोज ऐकावं लागतं. मोबाइल नंबर आणि ओटीपी मागणारं लॉगिनचं पान, म्हणजे कॅप्टिव्ह पोर्टल, उघडलं नाही की राउटर बंद करून पुन्हा चालू करायचा, हा एकच उपाय सगळ्यांना ठाऊक असतो. त्यानं कधी काम होतं, कधी होत नाही. बिघाड मात्र बहुतेक वेळा शोधता येण्याजोगा असतो. आड येतात ते पक्के बसलेले गैरसमज.

सगळ्यात मोठा गैरसमज असा, की राउटर ते पान स्वतःहून फोनवर पाठवतो. प्रत्यक्षात सुरुवात फोन करतो. वायफायला जोडला जाताच अँड्रॉइड फोन गूगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर साध्या एचटीटीपीनं विचारणा करतो आणि ‘२०४’ या कोडची, म्हणजे कोऱ्या उत्तराची, वाट पाहतो. आयफोन ‘कॅप्टिव्ह डॉट ॲपल डॉट कॉम’ला विचारतो, तिथून ‘सक्सेस’ हा शब्द यायला हवा. विंडोजला ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढी एक ओळ हवी असते. गेटवे, म्हणजे वायफाय आणि इंटरनेटच्या मधलं यंत्र, ही विचारणा वाटेतच अडवतो आणि उत्तरादाखल आपल्या लोकल सर्व्हरचा पत्ता देतो. ठरल्यापेक्षा वेगळं उत्तर आलं की इथे लॉगिन आहे हे फोनला कळतं आणि तोच ते पान उघडतो.

एवढं समजलं तरी बरीच कोडी सुटतात. लॉगिनआधी कुठले पत्ते उघडू द्यायचे याची एक यादी गेटवेवर असते. सोय म्हणून कुणी तिच्यात गूगलचे सगळे पत्ते घातले, तर फोनला खरंखुरं २०४ मिळतं, नेट चालू आहे असं त्याला वाटतं आणि पान येतच नाही. ‘आयफोनवर येतं, अँड्रॉइडवर नाही’ अशी तक्रार आली की आधी ही यादी बघावी. उलट, गेटवेनं सगळंच मुकाट्यानं अडवलं आणि काहीच उत्तर दिलं नाही, तर फोन फक्त ‘इंटरनेट नाही’ एवढंच दाखवतो.

‘पान येत नाही ना, मग गूगल उघडून बघा’ हा सल्ला चांगल्या मनानं दिला जातो, पण तो चुकीचा आहे. गूगल एचटीटीपीएसवर, म्हणजे कूटबद्ध जोडणीवर, चालतं. तिथे गेटवेनं मध्ये हात घातला तर ब्राउझर लाल इशारा देतो, आणि पाहुण्याला वाटतं आपला फोन हॅक होतोय. ब्राउझरचं यात काहीच चुकत नाही. मधला कुणीतरी गूगल असल्याचं भासवतोय, हेच तो सांगतो. सर्टिफिकेट विकत घेऊनही हा इशारा जाणार नाही, कारण गूगलच्या नावाचं सर्टिफिकेट तुम्हाला कुणी देणार नाही. पाहुण्याला थेट पोर्टलचा पत्ता टाकायला सांगावं. तो कागदावर छापून काउंटरवर चिकटवला, तर रोजची कटकट खूप कमी होते.

फोनवर वायफायच्या दांड्या पूर्ण दिसतात, म्हणजे जोडणी ठीक, हाही भ्रमच. दांड्या फक्त रेडिओची ताकद दाखवतात. त्यानंतर फोनला आयपी पत्ता मिळावा लागतो, आणि नेहमीच्या छोट्या नेटवर्कमध्ये असे पत्ते २५४. त्यातला एक राउटरचा. पत्ता २४ तासांसाठी दिला जात असेल, तर वीस मिनिटं थांबून गेलेला पाहुणाही तो दिवसभर अडवून ठेवतो. त्यात अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक क्रमांक न देता बनावट देतात. तो क्रमांक बदलला की तोच फोन नवा पाहुणा ठरतो आणि आणखी एक पत्ता खातो. सुट्टीच्या दिवशी दुपारनंतरच तक्रारी येत असतील तर संशय इथेच घ्यावा. लॅपटॉपवर १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्याला राउटरकडून काहीच मिळालेलं नाही. राउटर रीस्टार्ट केल्यावर बरं वाटतं, कारण अनेक छोट्या राउटरमध्ये वाटलेल्या पत्त्यांची यादी त्यानं पुसली जाते. मुदत तासाभरावर आणली आणि पत्त्यांची संख्या वाढवली, तर रीस्टार्टची वेळच येत नाही.

काही संग्रहालयांत माहितीची पानं आणि ध्वनिफिती लोकल सर्व्हरवरच असतात. सर्व्हरला बाहेरचं नेट लागत नाही, म्हणून फोनलाही लागत नाही, असं मालक धरून चालतात. पण वायफायवर नेट नाही असं दिसताच फोन गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो, आणि त्या वाटेनं शेजारच्या खोलीतला सर्व्हर त्याला सापडणं शक्यच नसतं. मोबाइल डेटा बंद करून पाहा. पान लगेच उघडलं तर दोष सर्व्हरचा नाही. अँड्रॉइडमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ला हातानं एखादं नाव दिलेलं असेल, तरी पोर्टल अडू शकतं. ते ‘ऑटोमॅटिक’ करायला सांगावं.

एक गोष्ट कुणाच्याच लक्षात येत नाही: घड्याळ. स्वस्त राउटरमध्ये आणि चौथ्या पिढीपर्यंतच्या रास्पबेरी पायमध्ये लाइट गेल्यावर वेळ राखणारी बॅटरी नसते. लाइट आली की यंत्र जुन्याच वेळेवर जागं होतं. नेटवरून वेळ दुरुस्त होईपर्यंत एसएमएस सेवेचं सर्टिफिकेट त्याला ‘अजून सुरूच न झालेलं’ वाटू शकतं, मग ओटीपी जात नाही आणि खापर मोबाइल कंपनीवर फुटतं.

आणि ओटीपी घेतला म्हणून वायफाय सुरक्षित होत नाही. ओटीपीनं फक्त ओळख नोंदली जाते. पासवर्ड नसलेल्या साध्या खुल्या वायफायवर हवेतलं दळणवळण लॉगिननंतरही कूटबद्ध नसतं. शिवाय शेकडो लोकांचे नंबर तुमच्या सर्व्हरवर साठतात. त्या सर्व्हरचा पासवर्ड अजून ‘ॲडमिन’ असेल, तर बाकी सगळं सोडून आधी तो बदला.

पान अडवून दाखवण्याच्या या खटाटोपाला २०२० पासून चांगला पर्याय आहे. आयपी पत्ता देतानाच, डीएचसीपीच्या ११४ क्रमांकाच्या पर्यायातून, पोर्टलचा पत्ताही फोनला सांगता येतो. अँड्रॉइड ११ आणि आयओएस १४ पासूनचे फोन तो ओळखतात. त्यासाठी खरं डोमेन नाव आणि त्याचं वैध सर्टिफिकेट लागतं, १९२.१६८ च्या पत्त्यावर ते मिळत नाही. डोमेनचा वर्षाचा खर्च फार नसतो, आणि सर्टिफिकेट फुकट मिळतं.