कोल्ड रनर की हॉट रनर? प्लास्टिकचा साचा बनवण्याआधी घ्यायचा निर्णय

घरातली प्लास्टिकची बादली उलटी करून पाहा. तळाच्या मधोमध एक छोटा ठिपका दिसेल. वितळलेलं प्लास्टिक साच्यात शिरलं, ते याच जागेतून. साच्याच्या आत प्लास्टिक ज्या वाटेनं वस्तूच्या पोकळीपर्यंत पोहोचतं, तिला ‘रनर’ म्हणतात. ही वाट कशी ठेवायची, यावर छोट्या कारखान्याचा नफा-तोटा अवलंबून असतो.

मुर्धा गावातून भाईंदर स्टेशनला यायचं आणि पूर्वेला उतरायचं, की औद्योगिक गाळे लागतात. हा भाग स्टीलच्या भांड्यांसाठी ओळखला जातो, पण इथे प्लास्टिक मोल्डिंगही चालतं. अशा एखाद्या गाळ्यात नवा साचा बनवायचा असेल, तर रनरचा प्रश्न सुरुवातीलाच येतो.

कोल्ड रनर म्हणजे काय?

यात वस्तूसोबत वाटेतलं प्लास्टिकही थंड होऊन घट्ट होतं आणि काडीसारखं बाहेर येतं. जोडायच्या खेळण्यांचे सुटे भाग एका फांदीला चिकटलेले असतात, ती फांदी म्हणजे रनरच. दोन प्लेटच्या साच्यात तो बहुतेक वेळा हातानं तोडावा लागतो. तीन प्लेटच्या साच्यात तो आपोआप सुटतो, पण साचा महाग होतो.

आणि हॉट रनर?

यात वाटेलाच हीटर बसवलेले असतात. प्लास्टिक आत वितळलेलंच राहतं आणि साच्यातून फक्त वस्तू बाहेर येते. काडी नाही, तोडणं नाही. मात्र हीटर, नोझल आणि तापमान नियंत्रक यांमुळे साच्याचा खर्च बराच वाढतो. देखभालीला जाणकार माणूस लागतो.

हिशेब कसा करायचा?

समजा, एका शॉटमध्ये 8 ग्रॅमची 4 झाकणं निघतात आणि रनर 12 ग्रॅमचा आहे. म्हणजे 44 ग्रॅममधले 12 ग्रॅम, साधारण 27 टक्के, वस्तूत जातच नाहीत. 1 लाख शॉटमागे हा माल 1,200 किलो होतो.

तो सगळा वाया जात नाही. दळून नव्या दाण्यात थोडा थोडा मिसळता येतो. पण दळायला वीज आणि मजुरी लागते, शिवाय दर वेळी तापवल्यानं प्लास्टिकचा कस उतरतो. खाद्यपदार्थांच्या किंवा औषधांच्या डब्यांना असा माल अनेकदा चालत नाही. जाड रनर थंड व्हायला वस्तूपेक्षा जास्त वेळ घेत असेल, तर प्रत्येक शॉटला काही सेकंदही जातात.

मग हॉट रनरच घ्यावा का?

नेहमी नाही. एकच वस्तू, एकाच रंगात, लाखांनी काढायची असेल तर वाढीव खर्च वसूल होतो. पॉलिप्रॉपिलीनची बाटलीची झाकणं हे त्याचं सरळ उदाहरण. पण आज लाल, उद्या निळा, आणि ऑर्डर काही हजारांचीच असेल, तर गणित उलटतं. हॉट रनरमध्ये आधीचा रंग पूर्ण निघेपर्यंत बराच माल फुकट जातो. पीव्हीसीसारखं प्लास्टिक उष्णतेत जास्त वेळ राहिलं तर करपतं. तिथे कोल्ड रनर जास्त सुरक्षित.

मधला मार्गही आहे. मुख्य वाट गरम ठेवायची आणि शेवटचा छोटा टप्पा थंड. काडी निघते, पण लहान.

साचा बनवणाऱ्याला काय विचारायचं?

रनरचं वजन किती, एका शॉटला किती सेकंद, हीटर बिघडला तर दुरुस्ती कोण आणि किती दिवसांत करणार. हे तीन आकडे आणि आपल्या वर्षभराच्या ऑर्डरचा अंदाज कागदावर मांडला, की बहुतेक वेळा उत्तर समोर येतं. मात्र हे पोलाद कापण्याआधी करायचं. तयार कोल्ड रनर साच्याचा नंतर हॉट रनर करायचा, तर अनेकदा जवळपास नव्या साच्याइतकाच खर्च येतो.