पेटंट मोफत, तरीही कारखाना बंद!
हिवतापाच्या औषधाने शिकवलेला जैवतंत्र व्यापाराचा हिशेब

एखाद्या औषधाचे पेटंट मोफत मिळाले, कारखाना उभा राहिला, माल उत्तम निघाला, जगाच्या आरोग्य संघटनेने त्याला मान्यताही दिली. तरी दोनच वर्षांनी त्या कारखान्यातून त्या औषधाचा एक किलोही माल बाहेर पडू नये, याला काय म्हणावे? ही घटना इटलीतील गारेसियो या गावी घडली. माल होता हिवतापावरील आर्टेमिसिनिन, आणि तो झाडाच्या पानांपासून नव्हे तर यीस्टपासून तयार केला होता. पेटंट चांगले की खुली देवाणघेवाण चांगली, असा वाद जैवतंत्रज्ञानाच्या जगात गेली वीस-पंचवीस वर्षे चालू आहे. त्या वादात दोन्ही बाजूंचे लोक या कारखान्याचे नाव घेतात. म्हणून हे प्रकरण नीट समजून घेणे व्यापार करणाऱ्यांच्याही उपयोगाचे आहे.

आधी दोन शब्द या नव्या शास्त्राविषयी. सिंथेटिक बायोलॉजी म्हणजे कृत्रिम जीवशास्त्र. पाव फुगवण्यासाठी बेकरीवाले जे यीस्ट वापरतात, त्यात दुसऱ्या वनस्पतीची किंवा जंतूची जनुके बसवायची आणि त्याच्याकडून आपल्याला हवा तो पदार्थ बनवून घ्यायचा, हे त्याचे सोपे रूप. यीस्टला साखर खाऊ घालायची, टाकीत वाढवायचे आणि मद्यार्काऐवजी औषध, सुगंध किंवा इंधन काढायचे. जनुकाचा मजकूर आता संगणकावर लिहून प्रयोगशाळेकडून तयार करून घेता येतो. सन २००० च्या सुमारास त्या मजकुराच्या एकेका अक्षराला काही डॉलर पडत. आज काही सेंट पडतात.

आता औषधाकडे वळू. आर्टेमिसिनिन हे चिनी औषध. १९६७ साली चीन सरकारने हिवतापावर गुप्त संशोधन सुरू केले आणि त्यातूनच तू यूयू या शास्त्रज्ञ बाईंनी १९७२ च्या सुमारास एका सुगंधी रानवनस्पतीतून हे द्रव्य वेगळे काढले. २०१५ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळी चीनमध्ये पेटंटचा कायदाच नव्हता. तो १९८५ साली अमलात आला. त्यामुळे मूळ द्रव्यावर कोणाचाच हक्क राहिला नाही. पुढे त्यापासून बनवलेल्या काही जोडगोळ्यांवर मात्र पेटंटे घेतली गेली.

२००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आर्टेमिसिनिनच्या जोडगोळ्या वापरण्याची शिफारस केली आणि मागणी एकदम वाढली. पण पीक शेतात यायचे! बी पेरल्यापासून गोळी हातात पडेपर्यंत साधारण दीड वर्ष जाते. मागणी आज, माल दीड वर्षाने. आपल्याकडे कांद्याचे जे होते तेच झाले. २००५ च्या सुमारास भाव किलोला हजार डॉलरच्या वर गेला. चीन, व्हिएतनाम आणि पूर्व आफ्रिकेतील शेतकऱ्यांनी भाव पाहून भरमसाट लागवड केली आणि २००७ पर्यंत तो दोनशे डॉलरच्या आसपास कोसळला. शेतकऱ्यांनी पीक सोडले, तेव्हा टंचाई आली आणि भाव पुन्हा चढला.

या चढउतारावर उपाय म्हणून अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाचे जे कीसलिंग यांनी यीस्टचा मार्ग धरला. २००४ साली गेट्स फाउंडेशनने या कामासाठी ४ कोटी २६ लाख डॉलर दिले. पैसा दानाचा होता, म्हणून अट अशी पडली की गरीब देशांतील हिवतापाच्या औषधासाठी विद्यापीठ रॉयल्टी घेणार नाही. संशोधनाचे काम करणाऱ्या अमायरिस या कंपनीलाही या औषधावर नफा घ्यायचा नव्हता. मग तिचा फायदा काय? तर हेच तंत्र वापरून इंधन, सौंदर्यप्रसाधने असे दुसरे काहीही बनवायला आणि विकायला ती मोकळी होती. हा सौदा हुशारीचा होता. जिथे गिऱ्हाईक गरीब तिथे हक्क सोडायचा आणि जिथे गिऱ्हाईक श्रीमंत तिथे राखायचा.

शास्त्राच्या दृष्टीने काम फत्ते झाले. आर्टेमिसिनिनच्या आधीची पायरी असलेले आम्ल लिटरमागे २५ ग्रॅम निघू लागले. फ्रान्सच्या सानोफी कंपनीने रॉयल्टी न देता परवाना घेतला आणि २०१३ मध्ये गारेसियोला उत्पादन सुरू केले. वर्षाला ५० ते ६० टन माल काढायचा बेत होता. ना नफा ना तोटा तत्त्वावर कंपनीने किलोला ३५० ते ४०० डॉलर भाव लावला.

तोवर शेतातल्या मालाचा भाव पुन्हा घसरून २५० डॉलरच्या खाली आला होता. ५० टन म्हणजे ५० हजार किलो. किलोमागे १०० डॉलरचा फरक धरला तरी वर्षाला ५० लाख डॉलर होतात. गोळ्या बनवणाऱ्यांनी हे पैसे का मोजावेत? २०१५ साली या मालाचे उत्पादन शून्य झाले आणि २०१६ मध्ये कारखाना बल्गेरियाच्या हुवेफार्मा कंपनीला विकण्यात आला.

यावरून खुल्या देवाणघेवाणीचा पराभव झाला, असे काही जण म्हणतात. माझ्या मते हे वाचन चुकीचे आहे. रॉयल्टी ही खर्चाच्या वहीतली एक ओळ असते. साखर, वीज, निर्जंतुक टाक्या, शुद्धीकरण, पगार आणि औषध खात्याची मंजुरी या ओळी तिच्यापेक्षा मोठ्या असू शकतात. पेटंटची ओळ पुसली म्हणून बाकीच्या पुसल्या जात नाहीत. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली उभा राहिला तेव्हापासून महाराष्ट्रातील आंबवण्याच्या धंद्यातली माणसे हे जाणून आहेत. जंतू मिळवणे एक, आणि हजारो लिटरच्या टाकीत तो न बिघडता वाढवणे दुसरे.

शिवाय या कहाणीत शेतकऱ्याची बाजू फारशी कोणी विचारात घेत नाही. यीस्टचा स्वस्त माल येणार अशी नुसती हाकाटी झाली तरी लहान शेतकरी पेरणी आखडता घेतो. आपल्याकडे लखनौच्या सिमॅप या सरकारी संस्थेने या वनस्पतीचे वाण काढले आणि उत्तर भारतात त्याची लागवडही झाली. मुंबईच्या इप्का आणि सिप्ला या कंपन्या आर्टेमिसिनिनपासून बनलेली हिवतापाची औषधे तयार करतात. अशा कारखान्यांना कच्चा माल शेतातून आला काय किंवा टाकीतून आला काय, प्रश्न भावाचा आणि भरवशाच्या पुरवठ्याचा.

एक नाका की शंभर नाके?

पेटंटने नेहमीच अडवणूक होते, असेही नाही. १९७३ मध्ये कोहेन आणि बॉयर या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी जनुक कापून दुसऱ्या जंतूत जोडण्याची रीत शोधली. त्यांच्या विद्यापीठांनी पेटंट घेतले, पण कोणा एकालाच न देता मागेल त्याला परवाना दिला. सुरुवातीची फी फक्त १० हजार डॉलर. १९९७ साली पेटंट संपेपर्यंत ४६८ कंपन्यांनी परवाना घेतला आणि विद्यापीठांना सुमारे २५ कोटी ५० लाख डॉलर मिळाले. फी माफक, दार उघडे. कोणी तक्रार करत बसले नाही. उलट १९७५ मध्ये केंब्रिजच्या कोहलर आणि मिल्स्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे बनवण्याची जी रीत शोधली, तिच्यावर ब्रिटनने पेटंट घेतलेच नाही. रीत जगभर फुकट पसरली, त्यातून कर्करोगावरची औषधे निघाली, पण अनेक वर्षे ब्रिटिश राजकारणी हात चोळत राहिले. मानवजातीचा हिशेब केला तर दोन्ही सौदे चांगलेच ठरले.

अडचण येते ती पेटंटे एकावर एक साचतात तेव्हा. कृत्रिम जीवशास्त्रात एका जंतूत दहा-वीस, कधी त्याहून जास्त जनुकांचे तुकडे बसवावे लागतात. प्रत्येक तुकड्याचा मालक वेगळा असेल तर? जकात होती त्या काळात पुण्याहून नागपूरला माल नेणाऱ्या ट्रकवाल्याला विचारा. एका नाक्यावर पावती फाडणे परवडते. दर शहराच्या वेशीवर थांबावे लागले की भाड्यापेक्षा खोळंब्याचा खर्च जास्त. जीवनसत्त्व अ असलेला सोनेरी तांदूळ तयार झाला तेव्हा २००० साली मोजदाद केली, तर ३२ संस्था-कंपन्यांची सुमारे ७० पेटंटे त्याच्या वाटेत निघाली. सुदैवाने कंपन्यांनी वर्षाला १० हजार डॉलरपेक्षा कमी कमाई असणाऱ्या शेतकऱ्यांसाठी हक्क सोडला. पण या तडजोडीला सोनेरी तांदळाएवढी प्रसिद्धी लागते. लहान उद्योजकाला कोण एवढे सवलतीने वागवणार?

याच कारणाने २००३ मध्ये अमेरिकेच्या एमआयटी संस्थेत टॉम नाइट, ड्रू एन्डी आदी मंडळींनी जनुकांच्या प्रमाणित तुकड्यांचे खुले भांडार सुरू केले. या तुकड्यांना त्यांनी नाव दिले ‘बायोब्रिक’, म्हणजे जैविक वीट. नट-बोल्ट जसे ठरलेल्या मापाचे, तशा या विटा एकमेकींत बसतात. भांडारातून घ्यायचे आणि आपण नवे केलेले परत भांडारात टाकायचे, हा नियम. त्यावर आधारलेली विद्यार्थ्यांची आयजेम स्पर्धा दरवर्षी भरते. पुण्याच्या आयसर संस्थेचे विद्यार्थीही तीत उतरले आहेत. भांडारात २० हजारांहून अधिक तुकडे जमले. साऱ्याच विटा पक्क्या भाजलेल्या नाहीत, हे खरे. फुकटच्या मालाची प्रत कोणी तपासायची, हा खुल्या भांडाराचा जुना रोग आहे आणि त्यावर अजून रामबाण औषध मिळालेले नाही.

हिशेब मात्र सरळ आहे. एका तुकड्याचे अनेक देशांत पेटंट घ्यायचे तर वकील, भाषांतर आणि वार्षिक फी मिळून लाखो रुपये जातात. बहुतेक तुकड्यांची एकट्याची किंमत एवढी नसतेच. तो जाहीर करून टाकण्यात एक छुपा फायदाही आहे. एकदा प्रसिद्ध झालेली गोष्ट नवी राहत नाही, म्हणून दुसराही कोणी तिच्यावर मालकी सांगू शकत नाही. हळदीच्या प्रकरणात हेच घडले. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुना संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा वैद्यकीय नियतकालिकातील लेख पुढे ठेवला आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. छापून ठेवलेले ज्ञान हे असे कुंपणाचे काम करते.

मग संशोधनाचा खर्च कोणी करायचा? पेटंटच्या बाजूचे लोक हा प्रश्न विचारतात आणि तो टाळता येणार नाही. माणसांवरील चाचण्यांना कोट्यवधी रुपये लागतात. मालकीची हमी नसेल तर भांडवल येत नाही. पण हमी असली म्हणजे धंदा चालतो, असेही नाही. अमायरिसकडे पेटंटांचा मोठा साठा होता, शेअर बाजारातही तिचे नाव होते, तरी २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

उलट कोर्बेव्हॅक्स लस पाहा. टेक्सासमधील डॉ. पीटर होटेझ आणि डॉ. मारिया एलेना बोटाझी यांनी कोरोनाची ही लस यीस्टमधूनच घडवली आणि तिच्यावर पेटंट घेतले नाही. हैदराबादच्या बायॉलॉजिकल ई कंपनीने ती बनवली आणि डिसेंबर २०२१ मध्ये भारतात तिला आणीबाणीच्या वापराची मंजुरी मिळाली. मे २०२२ मध्ये खासगी दवाखान्यांसाठी तिची किंमत ८४० वरून २५० रुपयांवर आणली गेली. मात्र येथेही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भारत सरकारने ३० कोटी डोससाठी १,५०० कोटी रुपये आगाऊ दिले होते. गारेसियोच्या पाठीशी असा खात्रीचा खरेदीदार नव्हता.

आपल्याकडचा कायदा

ज्यांची मुले जैवतंत्रज्ञान शिकत आहेत किंवा ज्यांना या क्षेत्रात लहानसा उद्योग काढायचा आहे, त्यांच्यासाठी थोडी माहिती. १९७० च्या आपल्या कायद्यात औषधाच्या रीतीवर पेटंट मिळे, औषधावर नाही. त्या सवलतीवर मुंबईच्या सिप्लासारख्या कंपन्या वाढल्या. २००१ साली सिप्लाने एड्सची औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, ती याच जोरावर. २००५ पासून औषधावरही पेटंट मिळते. निसर्गात सापडलेला जंतू आपला म्हणता येत नाही. माणसाने बदल करून घडवलेल्या जंतूवर पेटंट मिळू शकते, पण नमुना मान्य संस्थेत जमा करावा लागतो. अशा संस्थांपैकी एक आपल्या पुण्यातच आहे. भारतातील जैविक साधन वापरले असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याकडेही पाहावे लागते.

दुसऱ्या प्रयोगशाळेकडून जंतू किंवा जनुक मागवताना जो करार येतो, तो वाचल्याशिवाय सही करू नये. १९९५ पासून अमेरिकेत रूढ असलेल्या नमुन्यात आलेला माल पुढे कोणाला देण्यास आणि त्यावर धंदा करण्यास मनाई असते. २०१८ मध्ये निघालेल्या खुल्या करारात दोन्हींना मुभा आहे. दिसायला दोन्ही कागद सारखेच!

पेटंटचा अर्ज ऑनलाइन केल्यास व्यक्ती, लहान उद्योग आणि शिक्षणसंस्थांना फी १,६०० रुपये पडते. वकिलाचा खर्च निराळा. आंतरराष्ट्रीय अर्ज केला तर पहिल्या अर्जापासून साधारण ३० महिने मिळतात, त्यानंतर कोणकोणत्या देशांत पैसे घालायचे ते ठरवावे लागते. आर्टेमिसिनिनचा भाव तेवढ्या काळात हजारावरून दोनशेवर आला होता.