लेझर की शस्त्रक्रिया? आधी आरशाला विचारा

मुलीचे लग्न दोन महिन्यांवर आलेले. कार्यालय ठरले, पत्रिका छापायला गेल्या आणि एका दुपारी साखरपुड्याचे फोटो पाहताना वधूच्या आईची नजर स्वतःवरच अडकते. गाल खाली आल्यासारखे, जबड्याच्या कडेला लोंबलेली कातडी, गळा सैल. त्याच आठवड्यात ती त्वचारोगतज्ज्ञांकडे जाते. "डॉक्टर, लेझरने एवढं वर ओढून द्या. कापाकापी मात्र नको."

शहरांतल्या त्वचेच्या दवाखान्यांत हे वाक्य थोड्याफार फरकाने नेहमी ऐकू येते. कधी ते वधूची आई बोलते, कधी पन्नाशीत नवी नोकरी शोधणारा गृहस्थ. त्यामागे एक गैरसमज असतो. लेझर म्हणजे सौम्य शस्त्रक्रिया आणि शस्त्रक्रिया म्हणजे जोरकस लेझर, असे समजून लोक या दोहोंत निवड करू पाहतात. प्रत्यक्षात दोघांची कामेच वेगळी आहेत. भिंतीचा रंग उडाला तर रंगारी बोलवावा लागतो आणि वासा खाली आला तर सुतार. रंगाऱ्याने कितीही हात मारले तरी वासा वर जात नाही.

वय कुठे वाढते?

चेहऱ्याचे वय एकाच थरात वाढत नाही. सर्वांत वर त्वचा. तिला भरीवपणा देणारे कोलॅजेन हे प्रथिन तरुणपणानंतर दरवर्षी साधारण एक टक्का कमी होत जाते. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत ते सुमारे ३० टक्क्यांनी घटते. त्यात उन्हाची भर पडते. बारीक सुरकुत्या, काळे डाग, खरखरीतपणा ही बहुतांशी उन्हाची देणगी. २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. अमेरिकेतल्या या चालकाने २८ वर्षे ट्रक चालवला होता. खिडकीकडची, म्हणजे डावी बाजू सुरकुत्यांनी भरलेली आणि उजवी बाजू त्या मानाने कितीतरी तरुण! खिडकीची काच अतिनील किरणांपैकी 'बी' प्रकारचे किरण बरेचसे अडवते; पण खोलवर जाणारे 'ए' किरण तिच्यातून आत येतात.

त्वचेखाली चरबीचे छोटे छोटे कप्पे असतात. वयानुसार त्यांतले काही आक्रसतात, काही खाली सरकतात. त्याखालचा स्नायूंना जोडलेला पातळ पडदा सैल पडतो. अगदी तळाशी हाडेही झिजतात. डोळ्यांच्या खोबणी रुंदावतात, जबडा थोडा लहान होतो. आधार घटला की वरचे आवरण लोंबते. गालावरून हनुवटीकडे उतरणारी घडी आणि जबड्याची हरवलेली रेषा यांचे मूळ या खालच्या थरांत असते.

आडवे होऊन पाहा

आपली तक्रार कोणत्या थराची आहे, याचा अंदाज घरीच घेता येतो. आधी बसून आरशात पाहावे. मग पाठीवर आडवे होऊन तोच आरसा चेहऱ्यावर धरावा. आडवे झाल्यावर जे नाहीसे होते ते लोंबण्यामुळे आलेले असते. जे तसेच राहते, म्हणजे डाग, बारीक रेघा, मोठी दिसणारी रंध्रे, ते त्वचेच्या पृष्ठभागाचे. पहिल्यावर लेझरचा फारसा इलाज नाही, दुसऱ्यावर शस्त्रक्रियेचा नाही. कपाळावरच्या किंवा भुवयांमधल्या, हावभाव करताना उमटणाऱ्या आठ्या हा तिसराच प्रकार. त्यासाठी स्नायू तात्पुरते सैल करणारे बोटॉक्ससारखे इंजेक्शन वापरतात.

लेझर काय करतो?

सुरकुत्यांसाठी वापरला जाणारा सर्वांत परिचित लेझर कार्बन डायऑक्साइडचा. बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले शास्त्रज्ञ कुमार पटेल यांनी तो १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये शोधला. त्याचे किरण पाणी चटकन शोषून घेते. त्वचेच्या पेशींत पाणीच जास्त, म्हणून त्या क्षणात तापून वाफ होतात. वरचा पातळ थर निघतो आणि खालच्या थराला जखम भरून काढण्यासाठी नवे कोलॅजेन तयार करावे लागते.

पूर्वी सगळा थर एकसंध काढला जाई आणि चेहरा कित्येक आठवडे लाल राही. २००४ मध्ये 'फ्रॅक्शनल' पद्धत पुढे आली. यात किरण चाळणीसारखे हजारो सूक्ष्म ठिपके पाडतात आणि मधली त्वचा शाबूत राहिल्याने जखम लवकर भरते. थर काढणाऱ्या फ्रॅक्शनल लेझरनंतर साधारण आठवडाभर खपल्या व सूज असते, लाली आणखी काही आठवडे रेंगाळते. थर न काढणारे सौम्य लेझरही आहेत. त्यांना घरी बसावे लागत नाही, पण महिन्याच्या अंतराने तीन ते पाच बैठका लागतात आणि फरकही बेताचाच पडतो.

त्वचा थोडी घट्ट झाली तरी सरकलेला गाल लेझरने जागेवर जात नाही. 'लेझर फेसलिफ्ट' अशी जाहिरात दिसली तर त्यातला 'लिफ्ट' हा शब्द जपूनच घ्यावा. अल्ट्रासाउंड किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीच्या यंत्रांनी सुरुवातीचा सैलपणा थोडा कमी होतो. पुढे गेलेल्या लोंबण्यावर त्यांचा भरवसा धरता येत नाही.

सावळ्या त्वचेचा हिशेब

उन्हाला त्वचा कसा प्रतिसाद देते, यावरून तिचे सहा प्रकार मानले जातात. बहुतेक भारतीयांची त्वचा मधल्या आणि गडद प्रकारांत बसते. तिच्यात रंगद्रव्य सढळ असल्याने उन्हापासून थोडे संरक्षण मिळते, सुरकुत्याही उशिरा येतात. मात्र जखम किंवा उष्णता सोसली की हीच त्वचा जास्त रंगद्रव्य तयार करते आणि तिथे काळपट डाग उठतो. लेझरनंतरचा असा काळेपणा बरेचदा काही आठवड्यांनी दिसू लागतो आणि जायला महिने घेतो. ज्यांना वांग आहे त्यांचा वांग उष्णतेने भडकू शकतो.

म्हणून आपल्याकडे कमी ऊर्जा, जास्त बैठका आणि आधी कानाजवळ छोटी चाचणी हा मार्ग बरा. ओठांवर वारंवार जर येत असेल, व्रण जाड होऊन वाढत असतील किंवा मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. ऐन उन्हाळ्यात, फिरतीचे काम असताना खोल लेझर करून घेणे म्हणजे डाग ओढवून घेणे.

शस्त्रक्रिया काय करते?

फेसलिफ्टच्या सुरुवातीच्या काळात फक्त त्वचा ताणून शिवत. चेहरा ओढल्यासारखा दिसे आणि काही काळात पुन्हा सैल पडे. १९७६ मध्ये मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच शल्यविशारदांनी त्वचेखालच्या त्या पातळ पडद्याचे नेमके वर्णन केले. तेव्हापासून ताण पडद्यावर देतात, त्वचा फक्त वरून अलगद बसवतात. छेद कानाच्या पुढे-मागे आणि केसांच्या रेषेत लपवला जातो. परिणाम साधारण सात ते दहा वर्षे टिकतो. वय वाढणे काही थांबत नाही.

ही मोठी शस्त्रक्रिया आहे. भूल द्यावी लागते, काही तास लागतात आणि दोन ते तीन आठवडे चेहरा सुजलेला, काळानिळा राहतो. सर्वांत जास्त आढळणारी गुंतागुंत म्हणजे त्वचेखाली रक्त साकळणे. रक्तदाब आटोक्यात नसेल तर तिचा धोका वाढतो. चेहऱ्याच्या हालचालींच्या नसेला कायमची इजा क्वचितच होते. पण ती शक्यता आधी समजून घ्यायला हवी. सिगारेट, तंबाखू, मिश्री यांतले निकोटिन रक्तवाहिन्या आकसते आणि छेदाजवळची त्वचा मरू शकते. त्यामुळे ही सवय काही आठवडे आधी बंद केल्याशिवाय अनेक शल्यविशारद हातच लावत नाहीत. एवढे करूनही डाग आणि बारीक रेघा जातात असे नाही. ते काम लेझरचेच.

प्रत्येकाला पूर्ण फेसलिफ्टच लागते असेही नाही. फक्त वरच्या पापण्या लोंबल्या असतील तर ती जागा बधिर करून तासाभरात होणारी छोटी शस्त्रक्रिया पुरते.

ठरवण्याआधी

लेझरसाठी त्वचारोगाची आणि फेसलिफ्टसाठी प्लास्टिक सर्जरीची पदव्युत्तर पदवी असलेले डॉक्टर हवेत. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तो पडताळता येतो. आपल्यासारख्या वर्णाच्या रुग्णांचे आधीचे आणि नंतरचे फोटो पाहावेत. किती बैठका, एकूण खर्च किती, बिघडले तर पुढे काय, हे लेखी घ्यावे. निव्वळ सौंदर्यासाठीचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही.

दोन महिन्यांवर लग्न असलेल्या त्या आईपुढे मग काय उरते? तिची तक्रार लोंबण्याची आहे, म्हणजे लेझरने ती सुटणार नाही. आता खोल लेझर केला आणि काळपटपणा आला, तर तो नेमका मांडवात दिसेल. शस्त्रक्रिया दोन महिन्यांत बसू शकते. पण घरात लगबग असताना, विश्रांतीशिवाय, एखादी गुंतागुंत झाली तर हाती वेळ नसताना ती करणे शहाणपणाचे नाही. जाणता डॉक्टर तिला सांगतो, "ताई, लग्न होऊ द्या. नंतर निवांत या, तेव्हाही हवंसं वाटलं तर बोलू." त्यानंतर आली नाही, तरी तिचे काही बिघडत नाही.

तोवर करण्यासारखी एक गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियात ५५ वर्षांखालील ९०३ प्रौढांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज सनस्क्रीन लावायला सांगितलेल्यांच्या त्वचेचे वय मर्जीनुसार लावणाऱ्यांपेक्षा साडेचार वर्षांत २४ टक्क्यांनी कमी वाढल्याचे आढळले. सनस्क्रीन लोंबलेले वर उचलत नाही. पण पुढे लेझर करायचा ठरला किंवा शस्त्रक्रिया, दोन्हींच्या आधी आणि नंतर ते लावावेच लागते. मग आजच सुरुवात करायला हरकत नाही.