वितळतार, मोटारगाडीतील

विद्युत् मंडलातील प्रवाह मर्यादेबाहेर वाढताच स्वतः वितळून मंडल खंडित करणारी सुरक्षा प्रयुक्ती. व्यवहारात तिला फ्यूज म्हणतात. ती दिव्यांचे वा भोंग्याचे रक्षण करते, असा समज आहे. वस्तुतः ती मुख्यतः तारांचे रक्षण करते.

फ्यूजपेटी बहुधा चालकासमोरील फलकाखाली किंवा एंजिनाच्या कप्प्यात असते व तिच्या झाकणावर फ्यूजांचा तक्ता असतो. जुन्या गाड्यांतील काचनळीच्या फ्यूजांऐवजी पुढे पात्यांचे फ्यूज रूढ झाले. त्यांची क्षमता रंगावरून कळते : तांबडा १०, निळा १५, पिवळा २० व हिरवा ३० अँपिअर.

गाडीतील सर्व कळी बंद करून फ्यूज चिमट्याने उपसतात. आतील धातुपट्टी तुटलेली असल्यास तेवढ्याच क्षमतेचा नवा बसवितात. १२ व्होल्टवरील ६० वॉटचे दोन दिवे १० अँपिअर प्रवाह घेतात. अशा मंडलातील १५ अँपिअरच्या जागी ३० अँपिअरचा फ्यूज घातल्यास दिवे लागतात खरे. परंतु दोष उद्‌भवल्यास फ्यूजाआधी तारेचे वेष्टन वितळून आग लागू शकते. सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळण्याची युक्ती तर याहून घातक होय. नवा फ्यूजही लगेच वितळल्यास मंडलसंक्षेप झाला आहे असे समजून तारा तपासाव्या लागतात.