जोयड्यात संगणक पोहोचला, शिकवणी केव्हा पोहोचणार?

मोलेहून अनमोड घाट चढला की गोव्याची हद्द संपते आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका सुरू होतो. गोमंतकीयांना हा मुलूख रामनगर, कॅसलरॉक, तिनईघाट या नावांनी परिचित आहे. पूर्वी याला सुपा तालुका म्हणत. काळी नदीवरील धरणात सुपा गाव बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला हलले. तालुक्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार अर्ध्या लाखाच्या आसपास भरते, परंतु ती काळी व्याघ्र प्रकल्पाच्या अरण्यात आणि त्याच्या कडेने लहान लहान वाड्यांत विखुरलेली आहे. कित्येक वाड्यांत मोबाइलचा सिग्नल हवा असेल तर टेकडी चढावी लागते.

अशा तालुक्यात ‘आरोग्य क्षेत्रातील माहिती तंत्रज्ञानाचे मनुष्यबळ’ हा शब्दप्रयोग ऐकताना विसंगत वाटेल. त्यातून डोळ्यांसमोर येतो तो बंगळूरमधील वातानुकूलित कचेरीत बसलेला अभियंता. वस्तुस्थिती निराळी आहे. आरोग्याची माहिती प्रत्यक्ष यंत्रात भरते ती उपकेंद्रातील एएनएम परिचारिका, आयुष्मान आरोग्य मंदिरातील समुदाय आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्रातील डेटा एंट्री ऑपरेटर आणि घरोघर फिरणारी आशा कार्यकर्ती. देशाच्या आरोग्यविषयक आकडेवारीची पहिली अक्षरे हीच माणसे टंकित करतात. त्यांना कोणी, किती आणि कितीदा शिकवले, यावर पुढचा सगळा डोलारा उभा असतो.

त्यांच्या हाती आज काय काय आहे ते पाहावे. गरोदर माता आणि बालकांची नोंद ‘आरसीएच’ पोर्टलवर, क्षयरुग्णांची ‘निक्षय’वर, साथरोगांची ‘आयएचआयपी’वर, लसीकरणाची ‘यू-विन’वर आणि दूरस्थ डॉक्टरांचा सल्ला ‘ई-संजीवनी’वर. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशभर आरंभ झाल्यावर १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाची भर पडली. प्रत्येक प्रणालीचा संकेतशब्द वेगळा, पडद्याची मांडणी वेगळी आणि बदलाचा वेगही वेगळा. गेल्या वर्षी शिकलेली पायरी यंदाच्या आवृत्तीत दुसरीकडेच सरकलेली असते.

यात चूक झाली तर काय होते, हे समजण्यासाठी गरोदर मातेच्या नोंदीतील एकच रकाना पुरेसा आहे. शेवटच्या मासिक पाळीची तारीख घातली की प्रणाली तीत २८० दिवस मिळवून प्रसूतीची संभाव्य तारीख काढते. समजा, ती तारीख १० ऑक्टोबर आहे. प्रसूती १७ जुलैच्या सुमारास अपेक्षित धरावी लागेल. घाईत महिना चुकून १० नोव्हेंबर पडला, तर यंत्र १७ ऑगस्ट दाखवील. शहरात या चुकीचे निवारण पुढच्या सोनोग्राफीत होऊन जाते. जोयड्यातील आडवाटेच्या वाडीत मात्र जुलै म्हणजे ओढे भरलेले आणि घाटात दरडीचे भय. अशा स्त्रीला पाऊस जोर धरण्यापूर्वी रुग्णालयाजवळच्या नातलगाकडे नेऊन ठेवणे, हाच तिथला खरा उपाय. त्यासाठी तयार होणाऱ्या यादीत तिचे नाव महिनाभर मागे पडले, तर कळा सुरू होतील त्या रात्री वाहन कुठून यायचे, हा प्रश्न उरतो. यंत्राने हिशेब चोख केलेला असतो. चूक पहिल्या अंकात असते.

ही चूक निष्काळजीपणाची असतेच असे नाही. पुष्कळदा ती भाषेची असते. जोयड्याच्या कुणबी समाजाच्या घरात कोकणी बोलतात, रामनगरच्या बाजूला मराठीही सर्रास ऐकू येते, शासनव्यवहार कन्नडमध्ये चालतो आणि पडद्यावरचे रकाने बहुधा इंग्रजीत असतात. बाई म्हणते, ‘दसऱ्याच्या नंतर चार दिसांनी’. परिचारिकेने त्याची तारीख करायची. तिच्या माहेरच्या आणि सासरच्या नावांची इंग्रजी स्पेलिंगे आधारपत्रावर एक आणि रेशनकार्डावर दुसरी. ‘वेळीप’ हे आडनाव एकाने ‘व्ही’ने लिहिले आणि दुसऱ्याने ‘डब्ल्यू’ने, की एकाच बाईच्या दोन नोंदी तयार झाल्याच. जातीच्या रकान्याची तर निराळीच तऱ्हा. कुणबी, गावडा आणि वेळीप यांना गोव्यात २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. घाटापलीकडच्या कुणब्यांची तीच मागणी कर्नाटकात अजून चालू आहे. एकाच कुळातील दोन बहिणी, हद्दीच्या दोन बाजूंना, दोन वेगळ्या रकान्यांत. हे कोडे कोणतेही सॉफ्टवेअर सोडवणार नाही, पण ते कोडे आहे एवढे तरी ऑपरेटरला माहीत असावे.

माहिती वेळेवर आणि बिनचूक जाणे किती मोलाचे असते, याचा धडा या सीमाभागाला माकडतापाने दिला आहे. क्यासनूर जंगलातील हा रोग १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला. २०१५मध्ये तो सत्तरीत आला, पुढच्या वर्षी दोडामार्गात. गोचिडीला राज्याची सीमा कळत नाही. मेलेली माकडे आणि तापाचे रुग्ण यांची खबर एका राज्याकडून दुसऱ्याकडे लगोलग पोहोचली, तरच लोकांना जंगलात जाण्यापासून वेळीच सावध करता येते. ५ एप्रिल २०२१ रोजी सुरू झालेल्या नव्या आयएचआयपीत यासाठी तीन नमुने आहेत: लक्षणांचा ‘एस’ नमुना आरोग्य कर्मचारी भरतो, संभाव्य निदानाचा ‘पी’ डॉक्टर आणि तपासणीचा ‘एल’ प्रयोगशाळा. नोंद नकाशावर उमटते. तीत गाव चुकीचे निवडले गेले, तर शोधपथक एका खोऱ्यात आणि रोग दुसऱ्यात, अशी गत व्हायची.

मग शिकवणीचे काय? कागदाच्या काळातील नियोजन या बाबतीत अधिक शहाणे होते, असे म्हणावेसे वाटते. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा कार्यकर्तीची योजना आखली गेली, तेव्हा तिच्या प्राथमिक प्रशिक्षणासाठी २३ दिवस ठरवले होते आणि तेही सलग नव्हे, तर वर्षभरात पाच टप्प्यांत. त्यानंतर दर दोन महिन्यांनी सुमारे दोन दिवसांची उजळणी. शिकणे, काम करणे, अडणे आणि पुन्हा शिकणे, हा क्रम त्यात गृहीत होता. सॉफ्टवेअरच्या वाट्याला मात्र तालुक्याच्या ठिकाणची एक बैठक, भिंतीवरचा पडदा आणि नंतर व्हॉट्सअॅपवर आलेली पीडीएफ, एवढेच येण्याचा धोका असतो. ‘आयगॉट कर्मयोगी’वर ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत हे खरे, पण नेटवर्कसाठी टेकडी चढणाऱ्या परिचारिकेने तेथे उभे राहून व्हिडिओ पाहावा, ही अपेक्षा फारच झाली.

विशेष शिक्षणाच्या वाटा आता खुल्या होत आहेत. २०२१च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने ज्या दहा गटांना व्यवसाय म्हणून मान्यता दिली, त्यांत ‘आरोग्य माहिती व्यवस्थापन’ हा एक गट आहे. पदविकाधारकासाठी किमान २,००० तासांचे आणि पदवीधरासाठी ३,६०० तासांचे शिक्षण त्यात अपेक्षित आहे. शेजारच्या उडुपी जिल्ह्यात, मणिपाल येथे, या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. तेथून शिकून निघालेला पदवीधर मोठ्या रुग्णालयात जाणार, हे उघड आहे. उपकेंद्राला त्याचा उपयोग आहे तो शिक्षक म्हणून.

अमेरिकेने हा प्रश्न सोडवायचा एक प्रयत्न केला होता. २००९च्या ‘हायटेक’ कायद्याने दवाखान्यांना संगणकीय नोंदींसाठी पैसा दिला आणि तो वापरणारी माणसे हवीत म्हणून सुमारे ८० कम्युनिटी कॉलेजांत सहा महिन्यांचे अभ्यासक्रम सुरू केले. यंत्राबरोबर माणसाचाही खर्च धरला, एवढे त्यातून घेण्याजोगे आहे. बाकी परिस्थितीची तुलना नको.

आणखी एक विषय शिकवणीत सहसा शेवटी, घाईने उरकला जातो: गुप्तता. कोणाला क्षय आहे, कोणाची गर्भधारणा लपवायची आहे, हे लहान वाडीत कळायला वेळ लागत नाही. याद्यांचे फोटो समूहात टाकणे सोयीचे असते, पण २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानंतर ही केवळ सभ्यतेची बाब राहिलेली नाही. ‘आभा’ ऐच्छिक आहे आणि नोंदी दाखवायच्या की नाही हे रुग्णाने ठरवायचे, ही गोष्ट तिला तिच्या बोलीत सांगता आली पाहिजे. ओटीपी वाचून दाखव, असे म्हणणे म्हणजे संमती घेणे नव्हे.

गोव्याशी याचा संबंध दूरचा नाही. गंभीर रुग्ण घाट उतरून बांबोळीला येतात. परराज्यातील रुग्णांना तेथे २०१८पासून शुल्क पडते, तरीही येतात. त्यांच्या पिशवीत जुने केसपेपर असतात, कधी तेही नसतात. उपकेंद्रातली नोंद नीट असेल तर बांबोळीच्या डॉक्टरला ‘आभा’च्या आधारे रक्तदाब केव्हापासून वाढला हे पाहता येईल. नोंदच चुकली असेल तर जोडणीचा उपयोग शून्य.

खर्चिक असे यात काही नाही. दर दोन महिन्यांनी एक दिवस, केंद्रावरच, स्वतःच्याच नोंदी समोर ठेवून उजळणी. शिकवणारा कोकणी वा मराठी समजणारा. आणि नेटवर्क नसताना वहीत काय लिहायचे व परतल्यावर काय भरायचे याचा सराव. त्यातला एक दिवस मे महिन्यात हवाच. जून ते सप्टेंबर या काळात प्रसूती अपेक्षित असलेल्या प्रत्येक स्त्रीची तारीख वही आणि पोर्टल शेजारी ठेवून त्या दिवशी ताडून पाहता येईल.