कोरोना आणि रक्ताच्या गुठळ्या

कोरोनाचा गंभीर संसर्ग झालेल्या रुग्णाच्या रक्तात गोठण्याची प्रवृत्ती वाढते. पायांच्या शिरांत आणि फुप्फुसांत, तर कधी मेंदूच्या किंवा हृदयाच्या धमन्यांतही गुठळ्या धरतात. २०२० च्या सुरुवातीला डॉक्टर या आजाराकडे प्रामुख्याने न्यूमोनिया म्हणूनच पाहत होते. मात्र वूहानमधील १८३ रुग्णांच्या तपासणीत दिसले, की दगावलेल्यांच्या रक्तात डी-डायमरचे प्रमाण वाचलेल्यांपेक्षा बरेच जास्त होते. गुठळीतले फायब्रिनचे धागे विरघळताना जे तुकडे रक्तात उतरतात, त्यांना डी-डायमर म्हणतात. पुढे डी-डायमरची तपासणी भारतातही घरोघरी माहीत झाली.

त्याच वर्षी जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात कोरोनाने दगावलेल्या पहिल्या १२ जणांचे शवविच्छेदन झाले. सात जणांच्या पायांतील खोल शिरांत गुठळ्या सापडल्या. चौघांच्या मृत्यूचे थेट कारण फुप्फुसाच्या धमनीत अडकलेली गुठळी हेच होते. या सातही जणांना शिरेत गुठळी असावी, अशी शंका ते जिवंत असताना कोणाला आली नव्हती, ही त्यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट. नेदरलँड्समधील तीन रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांतील १८४ रुग्णांची नोंदही तितकीच गंभीर होती. सर्वांना गुठळी टाळण्याचे औषध सुरू असूनही सुमारे ३१ टक्के रुग्णांत गुठळीशी संबंधित गुंतागुंत आढळली.

असे का होते, हे समजण्याचा पाया एकोणिसाव्या शतकात जर्मन डॉक्टर रुडॉल्फ व्हर्शो यांच्या विचारांतून घातला गेला. रक्तवाहिनीच्या आतील अस्तराला इजा होणे, रक्तप्रवाह मंदावणे आणि रक्ताची गोठण्याची ओढ वाढणे, ही गुठळी धरण्यामागची तीन कारणे मानली जातात. गंभीर कोरोनात ती तिन्ही एकाच वेळी हजर असतात. विषाणू आणि त्याच्याविरुद्ध उसळलेला दाह यांमुळे अस्तराच्या पेशी सुजतात. एरवी हे अस्तर रक्त गोठू देत नाही. इजा झाल्यावर तेच गोठण्याला चालना देते. पांढऱ्या पेशी आपल्याच डीएनएचे चिकट जाळे बाहेर टाकतात आणि त्यात प्लेटलेट अडकतात. ज्यापासून फायब्रिन तयार होते, ते फायब्रिनोजेन यकृत जास्त बनवते. त्यात रुग्ण दिवसेंदिवस अंथरुणावर पडून असतो, म्हणून पायांतले रक्त संथ होते.

पण सगळ्या गुठळ्या पायांतून फुप्फुसात वाहून आलेल्या नसतात. अनेक गुठळ्या फुप्फुसांच्या केशवाहिन्यांतच जन्मतात. कोरोनाने आणि फ्लूने दगावलेल्या प्रत्येकी सात जणांची फुप्फुसे शास्त्रज्ञांनी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा कोरोनाच्या फुप्फुसांत अशा सूक्ष्म गुठळ्या फ्लूच्या तुलनेत नऊपट आढळल्या. फुप्फुसाच्या एखाद्या भागात हवा पोचूनही रक्त पोचत नसेल, तर ऑक्सिजन उतरणार कसा? म्हणूनच गुठळ्यांना या आजाराच्या जोडीला आलेली गुंतागुंत म्हणणे अपुरे आहे. त्या आजाराचाच भाग आहेत.

मग रक्त पातळ करणारे हेपरिन भरपूर द्यावे, असे वाटणे साहजिक होते. अनेक देशांतील एकत्रित चाचण्यांनी २०२१ मध्ये दिलेले उत्तर वेगळे निघाले. रुग्णालयात दाखल असलेल्या, पण अतिदक्षता विभागातील आधाराची गरज न पडलेल्या २,२१९ रुग्णांत उपचाराच्या पूर्ण मात्रेने फायदा झाला. आधीच अत्यवस्थ असलेल्या १,०९८ रुग्णांत त्याच मात्रेचा उपयोग झाला नाही, आणि मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण मात्र काहीसे वाढलेले दिसले. दाह एका टप्प्यापुढे गेला की केवळ रक्त पातळ करून नुकसान भरून निघत नसावे, असा याचा अर्थ लावता येतो. त्यामुळे अत्यवस्थ रुग्णाला सहसा गुठळी टाळण्यापुरतीच कमी मात्रा देतात. गुठळी सिद्ध झाली, तर मात्र पूर्ण मात्रा लागते. केवळ डी-डायमरचा आकडा वाढला म्हणून घरच्या घरी असे औषध सुरू करणे धोक्याचे आहे, कारण हा आकडा ताप, वाढते वय, गर्भारपण अशा कितीतरी कारणांनी वाढतो.

घरी परतल्यावरही धोका लगेच संपत नाही. स्वीडनमधील दहा लाखांहून अधिक बाधितांच्या अभ्यासात पायांतील खोल शिरेच्या गुठळीचा धोका तीन महिन्यांपर्यंत, तर फुप्फुसातील गुठळीचा सहा महिन्यांपर्यंत वाढलेला आढळला. गंभीर आजारी पडलेल्यांत तो सर्वाधिक होता. एकाच पायाची पोटरी सुजणे किंवा दुखणे, अचानक धाप लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे किंवा खोकल्यातून रक्त पडणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.