तीन पानांचा पेपर

सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएचडी करणाऱ्याचं पहिलं वर्ष बरंचसं उभ्यानंच जातं, एका काचेच्या नळीपुढे. नळीत पांढरी सिलिका भरलेली. वरून सॉल्व्हंट ओतायचं आणि खाली परीक्षानळ्या बदलत राहायच्या. अभिक्रियेअंती फ्लास्कच्या तळाशी उरलेल्या चिकट, तपकिरी ऐवजातून हवं ते संयुग असं वेगळं काढतात. याचं नाव ‘कॉलम करणं’. नुसत्या गुरुत्वाकर्षणावर चालणारा कॉलम तासन्‌तास खायचा. १९७८ साली कोलंबिया विद्यापीठातल्या क्लार्क स्टिल यांनी मायकेल कान आणि अभिजित मित्रा यांच्यासह त्यावर तोड सुचवली. सिलिका बारीक घ्या, वरून हवेचा दाब द्या आणि सॉल्व्हंटची पातळी मिनिटाला दोन इंच उतरू द्या. काम दहा-पंधरा मिनिटांत उरकतं.

पेपर अवघ्या तीन पानांचा. त्यात नवी अभिक्रिया नाही, नवा रेणू नाही, सिद्धान्त तर नाहीच. तरी ‘जर्नल ऑफ ऑरगॅनिक केमिस्ट्री’त आजवर आलेल्या पेपरांपैकी सर्वाधिक सायटेशन मिळालेल्यांत त्याची गणना होते. त्याच पंगतीला १९९७ चा आणखी एक पेपर बसतो. त्यात मुख्यतः तक्ते आहेत: नमुन्यात इथर, अ‍ॅसिटोन वगैरे चुकून राहिलं, तर रेणूची रचना ओळखण्याच्या एनएमआर तंत्राच्या आलेखात त्याचं शिखर नेमकं कुठे दिसतं, याचे.

सायटेशन म्हणजे दुसऱ्या संशोधकानं आपल्या पेपरच्या शेवटी तुमच्या पेपरची घेतलेली नोंद. या नोंदींची पद्धतशीर सूची करण्याची कल्पना युजीन गारफिल्ड यांची. तेही मूळचे रसायनशास्त्राचेच पदवीधर. १९६४ मध्ये त्यांचा ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ निघाला. कोणाच्या कामातून पुढे कोणतं काम उगवलं, याचा माग काढता यावा हा त्यामागचा मूळ हेतू. माणसांना गुण देणं नंतर आलं.

२००५ मध्ये कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी एच-इंडेक्स मांडला. एखाद्याच्या चाळीस पेपरांना प्रत्येकी किमान चाळीस सायटेशन असतील आणि एक्केचाळिसाव्यापाशी हिशेब अडत असेल, तर त्याचा एच-इंडेक्स चाळीस. एका आकड्यात कामाचं प्रमाणही आलं आणि दखलही. नेमणुका आणि बढत्यांच्या समित्यांना तो आवडला यात नवल नाही; पेपर वाचण्याचे कष्ट वाचले. पण आयुष्यात पाचच पेपर लिहिले आणि पाचांनीही शास्त्राची दिशा बदलली, तरी हा आकडा पाचावरच थांबतो.

शिवाय सायटेशन मूळ शोधालाच मिळतं असंही नाही. सुझुकी कपलिंग ही अभिक्रिया घ्या. औषध कंपन्यांतल्या केमिस्टांच्या ती रोजच्या वापरातली. मूळ पेपर १९७९ चे; पण सायटेशनचा ढीग साचला तो मियाउरा आणि सुझुकी यांनी १९९५ मध्ये लिहिलेल्या आढाव्यावर. लिहिणाऱ्यालाही हेच सोयीचं. दहा जुने पेपर शोधण्यापेक्षा एका आढाव्याकडे बोट दाखवलं की भागतं.

याहून विचित्र गत फार यशस्वी शोधांची होते. ग्रिन्यार अभिक्रिया वापरताना व्हिक्टर ग्रिन्यार यांचा १९०० सालचा पेपर आज कोण नोंदवतं? नाव घेतलं की काम झालं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी ही गोष्ट हेरली होती: शोध शास्त्रात इतका मुरतो की मुळाची नोंद करणंच लोक सोडून देतात. मोजणीच्या हिशेबात ते शून्य.

पुण्या-मुंबईशी नातं असलेलं असंच एक नाव म्हणजे के. वेंकटरामन. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे, म्हणजे यूडीसीटीचे, आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे एनसीएलचे, ते पहिले भारतीय संचालक. त्याआधी लाहोरला शिकवत असताना, १९३४ मध्ये, महल या सहकाऱ्याबरोबर त्यांनी एक पेपर प्रसिद्ध केला. बेकर या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाचं त्याच विषयावरचं काम आदल्याच वर्षी आलं होतं. वनस्पतींमध्ये आढळणाऱ्या फ्लेवोन वर्गातली संयुगं बनवण्याची वाट त्यातून मिळाली. ‘बेकर-वेंकटरामन पुनर्रचना’ या नावानं ती आजही शिकवली जाते. हे नाव उच्चारल्याची नोंद कोणत्याही सूचीत होत नाही.

मोजणीत न मावणारं आणखी एक नाव रिचर्ड हेक यांचं. हर्क्युलिस या अमेरिकी रासायनिक कंपनीत असताना १९६८ मध्ये त्यांचे पॅलेडियमवरचे सात पेपर एकाच जर्नलमध्ये लागोपाठ छापून आले. सातांवरही लेखक म्हणून एकट्या हेक यांचं नाव. पुढे ते प्राध्यापक झाले, संशोधनाला पैसे मिळेनासे झाले आणि १९८९ मध्ये ते निवृत्त झाले. पॅलेडियमवरच्या त्याच कामासाठी २०१० मध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे हेक फिलिपिन्समधल्या केसोन सिटीत राहत होते. संशोधन थांबवून त्यांना वीसहून अधिक वर्षं झाली होती.